आर्वीची पांदण आणि सजवलेली फटफटी

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम आणि पवनार ही दोन नावं चटकन ओठांवर येतात. त्याच जिल्ह्यातल्या आर्वीला मात्र कुणी मुद्दाम वाट वाकडी करून जात नाही. माझी नणंद आर्वी तालुक्यात दिलेली, म्हणून माझं वर्षातून दोनदा तरी तिकडे जाणं होतं. वर्ध्याहून एस.टी. निघते ती आंजी, खरांगणा अशी गावं घेत जाते. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर नि सोयाबीन. एका अंगाला बोरच्या जंगलाकडच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला वर्धा नदी. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर. ते रुक्मिणीचं माहेर, असं इकडची माणसं मानतात. आर्वीचं नाव जुन्या कागदांत तेलंगराव वलींशी जोडलेलं आढळतं. हिंदू त्यांना आपले म्हणतात, मुसलमानही आपलेच म्हणतात, आणि भांडण मात्र कुणी करत नाही!

पूर्वी पुलगावहून आर्वीला छोटी रेल्वे यायची. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे, अंतर पस्तीस किलोमीटर. १९१७ साली ही गाडी सुरू झाली ती शेतकऱ्यांचा कापूस वाहून नेण्यासाठी. आज ती धावत नाही, पण तिच्या गोष्टी घरोघर ऐकायला मिळतात. धीमी होती, पण कापूस आणि माणसं ठिकाणावर पोचवायची, एवढं तिचं काम ती इमानानं करी.

आता गाडीची जागा फटफटीनं घेतली आहे. आर्वी ते शेत हा प्रवास ज्यानं पावसाळ्यात केला असेल त्यालाच पांदण म्हणजे काय ते कळेल. दोन बांधांमधली ती अरुंद वाट उन्हाळ्यात पिठासारखी धूळ उडवते आणि पहिल्या पावसानंतर काळ्या चिकणमातीचा लगदा होते. ही माती चाकाला अशी बिलगते की चाक आणि खालचा मडगार्ड यांच्यात बोटभर फट राहत नाही, चाक जागीच अडकतं. म्हणून तरण्या पोरांना उंच मोटारसायकलींची ओढ. २०१६ ची हिमालयन, २०१९ ची एक्सपल्स या गाड्यांची पुढची चाकं एकवीस इंची, पोट जमिनीपासून वर. अशा वाटेसाठीच घडवलेल्या त्या.

पण घडवलेली गाडी जशीच्या तशी ठेवली तर आमची मुलं कसली! माझ्या भाच्यानंही तशीच एक गाडी घेतली आणि महिन्याभरात तिचं रूप पालटलं. हवेची जाळी काढून उघडा शंकूसारखा फिल्टर आला, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आला, पुढं दोन झगझगीत दिवे आले. मागचा मडगार्ड गेला, साडी गार्डही गेला. "मामी, आता गाडी कशी पळते पाहाच!" असं तो मला म्हणाला. नणंदेच्या घरात वाहन हे एकच. शेतात डबा त्याच्यावर जातो, सासऱ्यांना दवाखान्यात त्याच्यावरच नेतात आणि भाचीला क्लासहून आणायचं तेही त्याच्यावरच.

व्हायचं ते जुलैत झालं. संध्याकाळी भाचीला घेऊन येताना पांदणीच्या मध्यावर गाडी गप्प झाली. वरून पाऊस, आजूबाजूला शेतं, घर दोन-अडीच किलोमीटर दूर. बहीणभावंडांनी गाडी ढकलत आणली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. तोवर नणंद दारात कंदिलासारखी उभी.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं जे दाखवलं ते मी शिकवणीतल्या मुलीसारखं नीट समजून घेतलं, तेच तुम्हाला सांगते. नवे दिवे जोडताना मूळ वायर कापून नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती, त्यांना वेगळा फ्यूजही दिलेला नव्हता. जोडात पाणी शिरलं, मुख्य फ्यूज उडाला. हल्लीच्या गाड्यांमध्ये पेट्रोल आत सोडण्याचं कामही विजेवर चालतं. वीज गेली की इंजिन कितीही दणकट असो, मुकं होतं.

मग त्यानं फिल्टर काढून आतल्या नळीत बोट फिरवलं. बोट मातकट झालं! चहा गाळताना गाळणी फाटकी असली तर चहा भरभर पडतो खरा, पण चोथाही पेल्यात येतो. तसंच हे. उघड्या फिल्टरनं हवा जास्त येते म्हणतात, पण पांदणीची धूळही येते. ती तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. मग इंजिन तेल जाळू लागतं आणि मागून निळसर धूर येतो. भाच्याच्या गाडीला तो धूर येतच होता. रिंगा, पिस्टन बदलून सिलिंडर बोअर करावा लागला. त्या मोसमातल्या बियाण्याचे पैसे त्यात गेले.

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. धूर बाहेर पडण्याची वाट मोकळी केली की आत येणाऱ्या हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन जास्त तापतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यासाठी जेट बदलावा लागतो. नव्या गाडीतला संगणक थोडाफार सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा असते. शिवाय त्या आवाजानं बैल बुजतात ते निराळंच!

इथल्या गवळाऊ बैलांवरूनच मला एक गोष्ट सुचते. आपल्याकडे शंकरपटात धावायचा छकडा वेगळा असतो आणि कापूस वाहायची बंडी वेगळी. पटाचा छकडा हलका, वेगवान. पण त्यावर कापसाचे गाठोडे लादून कुणी पांदणीत जात नाही. मोटारसायकलींच्या शर्यतींचंही तसंच आहे. २०१९ मध्ये बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से मोटारसायकल शर्यतींच्या बाहा विश्वचषकात महिला गटात जिंकली. केवढा अभिमान वाटतो! पण शर्यतीच्या गाडीमागे मिस्त्री असतात. ते ती वारंवार उघडून तपासतात, सुटे भाग बदलतात. आपल्या दारातल्या गाडीला एवढे लाड कोण पुरवणार?

म्हणजे काहीच बदल करू नये का? तसं नाही. इंजिनच्या पोटाखाली लोखंडी पत्रा, हातांना आडोसा, बेताचं कॅरियर यांनी इंजिनच्या कामात ढवळाढवळ होत नाही. चिखलासाठी खोल नक्षीचे टायर चांगले, फक्त डांबरी रस्त्यावर ते लवकर झिजतात. मागची दातेरी चकती मोठी बसवली तर चढावर ओढ वाढते, पण आर्वी-वर्धा रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि पेट्रोल जास्त पितं. कुठं जास्त चालवायची ते आधी ठरवावं.

आता खास आपल्यासाठी. मुलं सर्वांत आधी काढतात तो साडी गार्ड. दिसायला बोजड, पण पदर-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून तो आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागं बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची सोय आणि निम्म्या चाकाला झाकणारा आडोसा असायलाच हवा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचे पैसे मिळवताना अडचण येते ती वेगळीच.

तेव्हा भगिनींनो, घरात नवी गाडी आली की चार गोष्टी आपणच पाहाव्यात. काढलेला प्रत्येक मूळ भाग फडक्यात बांधून माळ्यावर जपून ठेवायला लावा. नव्या दिव्याला वेगळा फ्यूज आहे का ते विचारा. उन्हाळ्यात फिल्टर नेहमीपेक्षा लवकर साफ करून घ्या. आणि साडी गार्ड नसेल तर मागं बसूच नका, "आधी तो लाव" म्हणून खुशाल अडून बसा.

आर्वीला जायचं तर दिवाळीनंतर जा. तेव्हा पांदण वाळलेली असते, शेतात कापूस फुटलेला असतो आणि संत्र्यांची चाहूल लागते. भाच्याच्या गाडीवर आता जुनाच सायलेन्सर आहे. आवाज कमी येतो, पण संध्याकाळी तो ऐकू आला की नणंद चुलीवर भाकरी टाकते.