नारळाचं झाड कुठं पाहिलंस?

निसर्गचित्र काढा म्हटलं की तुम्हीही तेच काढता ना? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळ! मीही सातवीपर्यंत तेच काढत होतो. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, माणिकगडच्या पहाडावर. चित्रकलेच्या बाईंनी एकदा विचारलं, "हे नारळाचं झाड कुठं पाहिलंस?" मी गप्प! खिडकीबाहेर पाहिलं, तर त्रिकोणही नव्हता. असणार कसा? आम्ही पहाडाच्या डोक्यावरच राहतो. समोर सपाट रान आणि कापसाची शेतं.

मग आम्ही पळसाची फुलं उकळून केशरी रंग केला, कोळशानं रेघा ओढल्या. ती चित्रं आता फिकी पडलीत.

पण खरी फजिती झाली टोपली विणताना. शेजारच्या कोलाम आजी बांबूच्या टोपल्या विणतात. त्यांच्यापाशी चार दिवस बसलो, तरी माझ्या कामट्या मोडायच्या. आजी हसल्या, "वाळल्या बांबूशी कायले भांडतोस रे? ओला घे." बाजारात आई अशाच टोपलीसाठी दहा रुपयांची घासाघीस करायची, तेव्हा "महाग आहे" असं मीही म्हणायचो. ते आठवून मान खाली गेली.

बाईंनी टोपलीला 'छान' शेरा दिला. आजींनी मात्र ती उजेडात धरली. "मोहफुलं राहतील हिच्यात. तांदूळ नको भरू, सांडतील."

सध्या तिच्यात कांदे आहेत.