देवगिरी : अभेद्य कडा आणि न उघडलेली पोती

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात शंकूच्या आकाराचा एकाकी डोंगर क्षितिजावर उभा राहतो. यादवराजा पाचवा भिल्लम याने 1187 च्या सुमारास येथे राजधानी वसविली. तीच देवगिरी. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले.

गेल्या रविवारी नुकताच दुकानात बसू लागलेल्या नातवाला घेऊन गड पाहिला. महाकोटाच्या दारांवर हत्तींची धडक परतवणारे अणकुचीदार खिळे आहेत. दरवाजे एका रेषेत नाहीत; वळणावळणाने शत्रूचा वेग मोडावा, अशी ती रचना आहे. आत विस्तीर्ण हत्ती हौद, त्याच्या शेजारी जुन्या मंदिरांचे खांब वापरून उभी राहिलेली वास्तू, जेथे आज भारतमातेची मूर्ती आहे, आणि समोर बहमनी काळातील सुमारे 210 फुटी चांदमिनार. पुढे चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने येथेच कैदेत ठेवले होते.

खरा गड त्यापुढे सुरू होतो. डोंगराचा कडा सभोवार उभा तासलेला, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, त्यावर एकच अरुंद पूल आणि त्यानंतर 'अंधारी' हा खडकातून वर चढणारा काळोखा भुयारी मार्ग. नातू म्हणाला, "आजोबा, हा गड मग पडला कसा?"

फिरिश्ता या इतिहासकाराने त्याची हकीकत दिली आहे. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा राजपुत्र शंकरदेव सैन्यासह दूर होता. राजा रामचंद्रदेवाने गडाचा आश्रय घेतला. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी शहराजवळ टाकून दिलेली पोती धान्याची समजून घाईघाईने गडावर नेण्यात आली. शंकरदेव परतला, लढला, पण हरला. वेढा लांबला तेव्हा पोती उघडली. आत मीठ होते! राजाला अपार खंडणी देऊन तह करावा लागला.

नातू बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "सकाळी आलेला माल मीही न उघडताच वहीत चढवला आहे." मी रागावलो नाही. तटबंदीपेक्षा कोठार महत्त्वाचे, हे सांगायला माझ्यापेक्षा तो डोंगर समर्थ होता.

माथ्याजवळच्या बारादरीतून मी त्याला वेरूळची दिशा दाखविली. तेथील डोंगरावर यादवकाळातच, शके 1156 मध्ये, चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती प्रतिष्ठित केली. यादवांचे वैभव लुटले गेले, राज्य संपले. ते दान मात्र आजही वंदिले जाते.

चोविहाराची वेळ साधण्यासाठी आम्ही लवकर उतरलो. घरी जाण्यापूर्वी नातवाने गाडी गोदामाकडे वळविली. दिवा लावून त्याने एकेक पोते उघडून पाहिले.