काक आणि कोर्बो

पुण्यास फ्रेंच शिकणारी माझी नात सुटींत धाराशिवास आली असतां एके सकाळीं म्हणाली, “आजोबा, फ्रेंच लोक कावळ्याला ‘कोर्बो’ म्हणतात. आपल्या ‘काक’ शब्दाशीं त्याचें कांहीं नातें आहे का?” ज्यानें उभा जन्म मुलांकडून अमरकोश घोकवून घेण्यांत घालविला, त्यास असा प्रश्न म्हणजे पक्वान्नच!

तिच्याच कोशांतून उलगडा झाला. ‘कोर्बो’चा पूर्वज लॅटिन ‘कोर्वुस’. खरें म्हणजे ‘कोर्बो’ हा आकारानें थोर, आपल्या डोमकावळ्यासारखा. लहानास ‘कॉर्नेय’ असें निराळें नांव आहे. आपण ज्यास पाणकावळा म्हणतों त्याचें ‘कॉर्मोरां’ हें नांवही मूळ ‘समुद्रकाक’ याच अर्थाचें. निनावी पत्रें लिहिणाऱ्यासही तिकडे ‘कोर्बो’ म्हणतात. १९४३ सालच्या त्याच नांवाच्या एका चित्रपटानें हा अर्थ रूढ केला.

मात्र ‘काक’ आणि ‘कोर्वुस’ हीं एका आईचीं लेकरें दिसत नाहींत. दोहोंच्या मुळाशीं पक्ष्याचा कर्कश स्वर आहे, इतकेंच. यास्कानेंही निरुक्तांत ‘काक’ हें ध्वनीचें अनुकरण म्हटलें आहे. औपमन्यवास हें मान्य नव्हतें. हाकलून लावण्याजोगा तो काक, असें त्याचें मत यास्क नमूद करितो. मुलांस हंसविण्यासाठीं मी वर्गांत हीच व्युत्पत्ति सांगत असें.

आमच्या आईस ती पटली असती. माळवदावर पापड वाळत घातले कीं काठी घेऊन ती दिवसभर कावळे हाकीत बसे. तिच्या दहाव्या दिवशीं नळदुर्गास बोरीच्या कांठीं आम्ही त्याच पक्ष्याची हात जोडून वाट पाहत होतों. झाडावर कावळे पुष्कळ होते, पण पिंडाजवळ एकही येईना. वांटणीवरून दहा वर्षें माझ्याशीं अबोला धरलेला धाकटा भाऊ हळूच म्हणाला, “अण्णा, तूं बोल कांहींतरी.” काय बोलावयाचें तें मला ठाऊक होतें. धाकट्याला सांभाळीन, एवढेंच. तें तोंडांतून निघालें नाहीं. ऊन चढलें; अखेर गुरुजींनीं दर्भाचा कावळा करून पिंडास शिवविला. वाड्याचा निकाल आम्ही दोघांनीं समोरासमोर बसून लावला खरा, पण तो पुढें दोन वर्षांनीं.

नातीनें वहींत यास्काचें मत उतरून घेतलें. औपमन्यवाचें मीं तिला सांगितलें नाहीं.