पाचव्या पिढीचा लॅपटॉप

घरातला लॅपटॉप २०१५ सालचा, पाचव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. कीबोर्ड ठणठणीत, फक्त एंटर जरा ठोकून मारावं लागतं. जुईनगर स्टेशनबाहेरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, भंगारात द्या." विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर नि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. म्हणजे चालतंबोलतं यंत्र कागदोपत्री म्हातारं! हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

म्हणून आज रूफस या मोफत प्रोग्रॅमने विंडोज ११ बसवायचा पेनड्राइव्ह तयार केला. त्यात टीपीएमची अट वगळायची एक चौकट असते, तिच्यावर टिचकी मारली की झालं. (खरा जीव ओतला तो आधीच बसवलेल्या एसएसडीने.) मध्येच पडदा काळा झाला तेव्हा कुलदैवत आठवलं. पण चाललं, वायफाय, आवाज, सगळं.

तरी अशा यंत्राला पुढच्या अपडेट मिळतीलच याची हमी नाही, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करणार नाही. तुम्हीही हा उद्योग करणार असाल, तर आधी फोटो नि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या.