उसनं म्हणजे

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

अकरावीच्या निबंधांचा गठ्ठा आज संपवला. विषय 'शेजार'. वह्या ४१. त्यांतल्या २६ जणांची सुरुवात जवळजवळ एकच: 'शेजार म्हणजे आपल्या घराजवळ राहणारे लोक.' गाइडमध्ये शोधलं, तिथे नाही. म्हणजे मुलांनी ते आपापलंच लिहिलं आहे, आणि हे जास्त वाईट. वाक्य चुकीचं नाही, पण पुढच्या दीड पानात त्याचं कुणी नाव काढत नाही. लग्नपत्रिकेवर गणपती छापतात तशी वर एक व्याख्या छापायची आणि खाली मजकूर भलताच.

दोष माझाही आहे. 'निबंधाची सुरुवात व्याख्येने करता येते' असं वर्ग सुरू झाले तेव्हा मीच फळ्यावर लिहिलं होतं. का करायची, ते सांगायचं राहिलं.

३ सप्टेंबर, बुधवार

आज पुस्तक नेलं नाही, कोश नेला नाही. फळ्यावर एकच शब्द लिहिला: उसनं.

"म्हणजे काय?"

"मागून आणलेलं."

"मग देवळापुढे बसलेला मागतो ते उसनं?"

हशा. "तसं नाही मॅडम, परत द्यायचं असतं."

"बँकेचं कर्जही परत द्यायचं असतं."

"त्याला व्याज लागतं. सही लागते."

खिडकीजवळची मुलगी तासाला सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "उसनं जेवढं आणलं तेवढंच द्यायचं. साखरेला साखर." तिथे आम्ही बराच वेळ अडकलो. साखरेला साखर खरी, पण तीच साखर नव्हे; ती तर चहात गेली. छत्री आणली तर मात्र तीच छत्री परत करावी लागते. मग छत्री उसनी म्हणायची का? अर्धा वर्ग हो म्हणाला. बाकीचे म्हणाले, छत्री वापरायला आणतात, उसनं ते जे वापरून संपतं. पैसे? ते उसने. नोट दुसरी असली तरी चालते. भांडण रंगलं. आतापर्यंत फळ्यावर जमलेलं असं: मागून आणलेलं, संपणारं, तेवढंच परत करायचं, बिनव्याजी, बिनकागदी, ओळखीतलं.

मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आई शेजारच्या काकूंकडनं विरजण आणती. ते कोण परत देतंय?"

विरजण मागूनच आणतात. ते संपतं, व्याज नाही, कागद नाही. पण उद्या चमचाभर दही घेऊन 'हे घ्या तुमचं कालचं' म्हणत कुणी शेजारच्या दारात उभं राहत नाही. बरं, ते दानही नव्हे. "त्यांचं दही बिघडलं की त्या आमच्याकडं येत्यात," तो म्हणाला. घंटा झाली. आमच्या व्याख्येवर अक्षरशः विरजण पडलं होतं.

गृहपाठ दिला: 'उसनं' यावर एक परिच्छेद. पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहायची.

४ सप्टेंबर, गुरुवार

रात्री बी.ए.च्या वेळची संस्कृतची वही काढली. न्यायशास्त्रातला तर्कसंग्रह. तो लिहिणारा अन्नंभट्ट सतराव्या शतकातला. आपल्याच ग्रंथावर त्याने दीपिका नावाची टीका लिहिली. लक्षण (म्हणजे व्याख्या) कसं बिघडतं ते तिच्यात गाईवरून सांगितलं आहे. शिंगं असतात ती गाय म्हणाल तर म्हैस, शेळी सगळ्या आत शिरतात, ही अतिव्याप्ती. कपिल रंगाची ती गाय म्हणाल तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. घोड्यासारखा एकसंध खूर असतो ती गाय म्हणाल तर जगातली एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. या सगळ्यातून सुटणारी खूण म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी.

आज हे वर्गात सांगितलं. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना लगेच पटलं. एकाला पटलं नाही. "जर्शीला पोळी असून नसल्यासारखीच की." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, अन्नंभट्टाने जर्सी पाहिली नव्हती. हसू आलं सगळ्यांना, पण घरी येताना जाणवलं की मी उत्तर दिलं नाही, वेळ मारून नेली. गोठ्यात नवी गाय आली तर जुनं लक्षण पुन्हा तपासायला हवं.

एक मात्र आज नीट समजलं. न्यायशास्त्राने हे दोष म्हणून सांगितले, पण परिच्छेद लिहिणाऱ्याच्या ते कामाचे आहेत. 'उसनं म्हणजे मागून आणलेलं' हे वाक्य एकटं पडतं, कारण त्याला विचारायला कुणी नाही. 'मग भीक?' विचारलं की दुसरं वाक्य मिळतं. 'मग कर्ज?' विचारलं की तिसरं. 'मग विरजण?' विचारल्यावर पहिलं वाक्यच खोडून पुन्हा लिहावं लागतं, आणि परिच्छेद खरा तिथे सुरू होतो.

८ सप्टेंबर, सोमवार

वह्या आल्या. बहुतेकांनी पहिली ओळ शेवटी लिहायची हे पाळलं, पण ती सगळ्यात वर, लाल पेनाने लिहिली! शाळेची सवय.

तरी फरक आहे. खिडकीजवळच्या मुलीने वाटीवर लिहिलं आहे. साखर परत करताना तिच्या घरी वाटी काठोकाठ भरतात, आणताना तशी भरलेली असो वा नसो. आजी म्हणते, सपाट आणलं तर शीग लावून द्यावं. म्हणजे जेवढ्यास तेवढं हे तिचंच वर्गातलं म्हणणं तिने घरी जाऊन मोडलं. शीग म्हणजे व्याज का? ती म्हणते, नाही, कारण ती कुणी मागत नाही आणि कमी पडली तर कुणी बोलत नाही. तिच्या परिच्छेदाला मी खूण केली नाही, पुन्हा वाचला.

विरजणवाल्या मुलाने वही दिलेली नाही.

काहींनी व्याख्या न करता यादीच केली: साखर, चहापत्ती, गॅसचं सिलिंडर, मोटारसायकलमध्ये घालायला पेट्रोल. ते मी खोडलं नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला मूर्खलक्षणांचा समास आठवा. मूर्ख म्हणजे अमुक, असं रामदास एका वाक्यात सांगत बसत नाहीत. लक्षणामागून लक्षण ठेवत जातात, आणि वाचता वाचता एखादं आपल्या अंगावर येतं. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख वेगळा काढला आहे. नुसत्या मूर्खाच्या कुंपणात तो मावेना, म्हणून त्याला निराळा समास द्यावा लागला.

११ सप्टेंबर, गुरुवार

ग्रंथालयात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही विभाग आहेत. १९३२ ते ३८ या काळात निघालेले. मुलांना हात लावायला दिले. मोल्सवर्थचा कोशही पाहिला, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. त्यांनी अर्थ शोधले, मला हवं होतं ते निराळं: कोशातला अर्थ हा दुसऱ्या कुणीतरी केलेल्या भांडणाचा निकाल असतो, हे त्यांना दिसावं. दिसलं की नाही, माहीत नाही. धुळीने दोघींना शिंका आल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

कॉलेज बंद. घटस्थापनेपासून पाऊस डोक्यावर आहे, सीना पात्राबाहेर गेली आहे. वर्गातली निम्मी मुलं नदीकाठच्या गावांची. व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो येताहेत: पाण्यातून वर आलेली उसाची शेंडी, पत्र्यावर बसलेली शेळी. विरजणवाल्या मुलाचा फोन लागत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लागला. जनावरं आधी वर काढली होती. घरात छातीभर पाणी आलं. कडबा सगळा गेला.

आई ८१ वर्षांची. टीव्हीवरची 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी ऐकून म्हणाली, "दुष्काळ आणि ओला?" बहात्तर साली ती पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडली, सुकडी खाल्ली. तिचा दुष्काळ कोरडाच.

३० सप्टेंबर, मंगळवार

कॉलेज उघडलं, वर्ग अर्धाच भरला. धडा घेण्यात अर्थ नव्हता. एका मुलीने विचारलं, "ओला दुष्काळ असतो का मॅडम? काका म्हणाले, सरकारी पुस्तकात तसलं काही नसतं."

काका बरोबर आहेत. सरकारी निकषांत दुष्काळ पावसाच्या तुटीपासून सुरू होतो. जास्त पावसासाठी शब्द वेगळा, अतिवृष्टी, आणि त्याला आकडा बांधलेला: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर. ६४ पडला तर पाणी तेवढंच, शब्द मात्र हुकला. पिकाच्या नुकसानीला ३३ टक्क्यांची रेषा. दुष्काळाला पूर्वी आणेवारीची होती, रुपयात ५० पैशांच्या खाली. आणे जाऊन इतकी वर्षं झाली, सरकारी कागदावर पैसेवारी आली, गावात आणेवारीच चालते.

मग त्यांना १९६३ची गोष्ट सांगितली. त्या साली महाराष्ट्राने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढायचा आणि 'स्कॅर्सिटी' घालायचा. सरकार शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, मदत वेळेवर देतं, तेव्हा फॅमिनला वाव उरलेला नाही, असं कारण दिलं होतं. नऊ वर्षांनी बहात्तर आलं. कागदावर टंचाई होती. पण माझी आई काय, कुणाचीही आई काय, 'बहात्तरची टंचाई' म्हणताना कुणी ऐकली आहे?

वर्ग शांत होता, म्हणून शब्द फोडला. दुस् अधिक काळ. वाईट काळ. सुकाळाच्या उलट. त्यात पाऊस नाही, पाण्याचा थेंब नाही, कमी नाही की जास्त नाही. आपल्या भागात वाईट काळ नेहमी कोरडाच आला, म्हणून कोरडेपणा शब्दाला चिकटला. ओला वाईट काळ आल्यावर लोकांनी शब्द पुन्हा मुळापाशी नेला, आणि जुन्याला आता 'कोरडा दुष्काळ' म्हणावं लागतं. पूर्वी कोरडा म्हणायची गरजच नव्हती. जर्सी गोठ्यात आल्यावर आपल्या गाईला 'देशी' म्हणावं लागलं, तसं. (हे मात्र मला आयत्या वेळी सुचलं. त्या दिवशीचं उत्तर २६ दिवसांनी.)

आकडा नको, असं माझं म्हणणं नाही. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, नाहीतर मदत ओळखीवर वाटली जाईल. पण रेघ ओढली की पलीकडे कोण राहिलं, हे लिहिणाऱ्याने पाहावं. भीक, कर्ज, विरजण करत आम्ही वर्गात तेच करत होतो.

घरी आल्यावर आईला शब्दाची फोड सांगितली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मग असंल ओला."

८ ऑक्टोबर, बुधवार

विरजणवाला मुलगा आला. नवी वही, जुनी पाण्यात गेली. महिन्यापूर्वीचा गृहपाठ त्याने आज दिला. मी विसर म्हटलं होतं.

परिच्छेद विरजणाचा नाही. मामाच्या गावाहून एका शेतकऱ्याने ट्रॉलीभर कडबा पाठवला, त्याबद्दल आहे. नात्यातला नाही, ओळख नुसती बाजाराची. वडील म्हणतात, हा उसना. पुढच्या सुगीला पेंढीला पेंढी देऊ. तो शेतकरी म्हणतो, उसना कसला, जनावरांनी खाल्ला, संपला. वडिलांनी पेंढ्या मोजून भिंतीवर कोळशाने आकडा लिहिला आहे. आईने त्या भिंतीला पोतेरं लावायचं थांबवलं आहे, बाकीचं घर सारवून झालं तरी. मुलगा लिहितो की घेणारा उसनं म्हणतो आणि देणारा म्हणत नाही, तर ते काय, हे त्याला ठरवता येत नाही. पण वडिलांना मदत म्हटलेलं आवडत नाही, एवढं त्याला माहीत आहे.

एके ठिकाणी 'पेंढी' ऱ्हस्व लिहिली होती, दुरुस्त केली. पानाच्या वरची एक ओळ त्याने कोरी सोडली आहे. मी सांगितलं होतं, पहिली ओळ शेवटी. वही परत देताना विचारलं, तर म्हणाला, "सुगी होऊ द्या की मॅडम."