शून्य जमिनीच्या खाली

नातवाच्या वाढदिवसाला मित्रांनी त्याला बेडफर्ड ऑटोड्रोमवर गाडी पळवायची भेट दिली. "आजी, तुझ्या ऑफिसातच चाललोय, येतेस?" म्हणत तो मला घेऊन गेला. मी कठड्यापाशी अंगावर शाल लपेटून उभी होते. समोरच्या वळणावर एका पोराने करकचून ब्रेक दाबला आणि ओल्या काँक्रीटवरून जळक्या रबराचा वास आला. माझ्या पोटात खड्डा पडला. हा वास माझ्या लेखी मोटारींचा नाहीच. विमानाची चाकं टेकतात त्या क्षणाचा तो वास, आणि त्या क्षणावर माझी सगळी नोकरी खर्ची पडली.

थर्लीच्या या माळावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बाँबफेके विमानं होती. युद्धानंतर ब्रिटिश सरकारला इथे काहीतरी अफाट करायचं होतं. थर्ली, ट्विनवुड आणि लिटल स्टॉटन हे तीन तळ जोडून पाच मैलांची धावपट्टी आखायची, असा बेत होता. ती पाच मैलांची पट्टी कागदावरच राहिली. झाली ती साडेदहा हजार फुटांची. रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटचं मुख्य ठाणं फार्नबरोला आणि आम्ही बेडफर्डची शाखा. माझा विभाग आंधळ्या लँडिंगचा, म्हणजे वैमानिकाला काही दिसत नसताना विमान आपलं आपण उतरवायचं. पुण्याची गणिताची पदवी घेऊन मी 1970 साली तिथे लागले आणि विमान कधी जवळून न पाहिलेली मी विमानांच्या रेघा वाचू लागले. उड्डाण झालं की नोंदयंत्रातून कागदाची लांबलचक गुंडाळी निघे. तिच्यावर उंचीची एक रेघ, वेगाची एक, सुकाणूची एक. पट्टी लावून आकडे उतरवायचे, तक्ते भरायचे.

पण मला नेहमी आठवतं ते आमचं डेव्हन. डी हॅविलंडचं छोटंसं, दोन पंख्यांचं विमान, आठेक माणसांचं. फार्नबरोला बैठक असली की ते आम्हाला न्यायचं. लंडनला वळसा घालणारा मोठा रस्ता तेव्हा झाला नव्हता. मोटारीने जावं तर अर्धा दिवस संपे, डेव्हनने अर्ध्या तासात काम होई. बसताना वैमानिकाला वजन सांगावं लागे. मी साडी, स्वेटर आणि ओव्हरकोटासकट सांगायची, वर दोन पौंड डब्याचे. आत पेट्रोलचा आणि तापलेल्या चामड्याचा वास. चाकं, फ्लॅप, ब्रेक, सगळं दाबलेल्या हवेवर चालायचं, त्यामुळे जमिनीवर आलं की ते उसासे टाकायचं. संशोधनातली चकचकीत विमानं हँगरात आणि हे बिचारं हेलपाटे घालतंय.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, संध्याकाळी फार्नबरोहून परतत होतो. वर स्वच्छ आकाश, तिरपं ऊन. खाली ऊझ नदीचं सगळं खोरं धुक्याने भरलेलं. स्ट्युअर्टबीच्या वीटभट्ट्यांची धुराडी तेवढी वर आलेली आणि कार्डिंग्टनच्या दोन प्रचंड गोदामांची छपरं.

त्या छपरांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढे जाववणार नाही. आर 101 हे हवाईजहाज तिथलं. 4 ऑक्टोबर 1930 च्या संध्याकाळी ते तिथून कराचीला निघालं, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात. हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः त्यात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळलं आणि जळालं. 54 माणसांपैकी 48 गेली. कार्डिंग्टनच्या चर्चच्या आवारात त्यांची एकत्र समाधी आहे. आपल्या देशाकडे निघालेली माणसं म्हणून मी तिथे एकदा फुलं ठेवून आले. घरी मात्र सांगितलं नाही. उगाच चेष्टा झाली असती.

तर, धुकं. आमचा वैमानिक घिरट्या घालत होता. विमानात बसलेले जवळजवळ सगळे आंधळ्या लँडिंगचेच लोक आणि आम्हालाच उतरता येत नव्हतं, कारण डेव्हनमध्ये ती यंत्रणा नव्हती. तेवढ्यात खालच्या पांढऱ्यातून एक विमान वर आलं. आमच्याच विभागाचं व्हार्सिटी. धुकं पडलं की इतरांची कामं थांबायची आणि आमच्यांची सुरू व्हायची. ते वळलं, रांगेत आलं आणि शांतपणे परत त्या पांढऱ्यात शिरलं. थोड्या वेळाने पुन्हा वर आलं, पुन्हा आत गेलं. शेजारचे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "उद्या तुम्हाला भरपूर कागद वाचायचाय." मग आम्ही दुसऱ्या विमानतळावर उतरलो आणि बसने, चाचपडत, रात्री उशिरा घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी त्या गुंडाळ्या खरंच माझ्या टेबलावर आल्या. आदल्या दिवशी वरून पाहिलेलं आता रेघांमध्ये होतं. विमान सेकंदाला दहा-बारा फुटांनी खाली येत असतं. तसंच टेकलं तर हाडं खिळखिळी होतील. म्हणून सुमारे पन्नास फुटांपासून पुढे एक साधा नियम लावला होता: उंची जितकी उरली असेल, त्या प्रमाणात उतरायचा वेग ठेवायचा. उंची निम्मी झाली की वेगही निम्मा. ऐकायला छान, पण या हिशेबाने विमान जमिनीला कधीच टेकत नाही. निम्म्याचं निम्मं होत राहतं आणि धावपट्टी संपते. त्यावरचा तोडगा मला आजही मोहवतो. गणितातला शून्य धावपट्टीच्या थोडा खाली धरायचा. विमान निघतं जमिनीखालच्या शून्याकडे, आणि वाटेत, सेकंदाला दोनेक फुटांच्या वेगाने, जमीन लागते.

याहून कठीण होतं ते भरवशाचं प्रकरण. एक कोटी लँडिंगमध्ये जीवघेणा अपघात फार तर एक, अशी अट होती. एक कोटी वेळा उतरून कोण दाखवणार? म्हणून शेकडो धडधाकट, कंटाळवाण्या लँडिंगांचे आकडे मांडायचे, चाकं कुठे टेकली त्याचा पसारा बघायचा आणि त्यावरून दुर्मीळ वाईटाचा अंदाज बांधायचा. काहीच न बिघडलेल्या दिवसांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. प्रवासी घेऊन येणाऱ्या ट्रायडंट विमानाने 1965 साली हीथ्रोवर आपोआप जमीन टेकली, ते आमच्या विभागाच्या कामाचं पहिलं पीक. आता जानेवारीत दिल्लीला धुक्यात विमानं उतरतात तेव्हा आतली माणसं बॅगा काढायच्या घाईत असतात.

आता माझा राग. मी बेडफर्डला होते म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे कॉन्कॉर्ड?" होय, त्या निमुळत्या त्रिकोणी पंखाचं गणित फार्नबरोच्या कुकेमान आणि योहाना वेबरचं. तसा पंख हळू वेगात कसा वागतो हे बघायला एचपी 115 नावाचं बोटभर विमान 1961 पासून आमच्याच धावपट्टीवरून उडत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ते पाहिलंय, आणि ते मला आवडायचं. पण कॉन्कॉर्ड नाही. शंभरेक श्रीमंतांना न्यूयॉर्कला लवकर पोचवणारी ती पांढरी राणी साऱ्या माळाचं नाव स्वतःच्या खात्यावर घेऊन बसली.

आमचे हे भूल देणारे डॉक्टर. 24 ऑक्टोबर 2003 ला हीथ्रोवर ओळीने तीन कॉन्कॉर्ड शेवटच्या उतरल्या, तेव्हा टीव्हीसमोर ते ढसाढसा रडले. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. आत येऊन म्हणाले, "अगं, धुक्यात तीसुद्धा तुमच्याच हिशेबाने उतरायची ना?" खरं होतं. तिच्यातही आपोआप उतरण्याची यंत्रणा होती. म्हटलं, मग एकाने तरी विचारलंय का मला तसं?

त्यावर ते हसले. आयुष्यभर पेशंटांनी चॉकलेटचे डबे सर्जनला दिले, यांना नाही. शुद्धीवर आलेल्या माणसाला हे आठवतच नसत आणि यांना त्यातच समाधान होतं. मला नव्हतं. त्यांच्या वाटच्या न आलेल्या डब्यांचाही हिशेब मीच ठेवत आले आणि ते गेल्यावर तो आणखी काटेकोर झाला आहे. मोठ्या मनाचं माणूस घरात एकच पुरतं. दुसऱ्याने वही सांभाळावी.