नळींतलें मीठ

तेलानें जगांतलें सारें कांहीं सुधारतें, असा माझा तरुणपणीं समज होता. कुरकुरणारें दार घ्या, अडलेलें कुलूप घ्या, नाहीं तर रुसलेला माणूस घ्या! हा समज घालविला एका म्हाताऱ्या रायफलीनें.

१९७४ सालीं मी भंडाऱ्यास महाविद्यालयांत छात्रसैनिक होतों. १९६२ च्या चीनयुद्धानंतर लष्कराच्या हातीं नव्या रायफली येऊं लागल्या आणि जुन्या ली-एन्फील्ड आमच्या वांट्यास आल्या. त्यांचा नमुना १९०७ सालचा, शिक्का इशापूरच्या कारखान्याचा. गोळीबारानंतर नळींत प्रथम उकळतें पाणी ओतावें, मग पुलथ्रूच्या दोरीला चिंदी अडकवून ती कोरडी करावी आणि शेवटीं तेलाचा हात फिरवावा, असा हवालदारांचा दंडक होता. या स्नानाचें कारण मला पुढें कळलें. काडतुसाच्या टोपींतलें पोटॅशियम क्लोरेट जळलें कीं मागें मिठासारखा एक क्षार उरतो. तो हवेंतली ओल ओढून घेतो आणि पोलादाला गंज चढवितो. तेलांत तो विरघळत नाहीं, पाण्यांतच विरघळतो.

श्रावणांतल्या एका उघडीपींत आमचा गोळीबार झाला. रायफल साफ करण्याची पाळी माझ्या मित्राची होती. पण त्याची आई आजारी, म्हणून ती मीं मागून घेतली. तेवढ्यांत पाऊस कोसळला. चूल पेटेना. मीं पाण्याला फांटा दिला आणि दस्त्यांतली पितळी कुपी काढून नळीला भरपूर तेल पाजलें. नळी आरशासारखी चमकली!

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे बांध्यांत जितकें पाणी, तितकीच हवेंत ओल. आठवड्यानें हवालदारांनीं अंगठ्याचें नख मागें धरून त्या उजेडांत नळी पाहिली. पांचही पिळदार खांचांत तांबूस गंज धरला होता. दोष मित्राच्या माथीं आला. नेमबाजांच्या चमूंतून त्याचें नांव गेलें. मीं इमानानें पाणी ओतलें असणार, या खात्रीनें त्यानें माझें नांव घेतलें नाहीं. मी शेजारींच उभा होतों, बोललों नाहीं.

पुढें वर्षानुवर्षें मी त्या मैत्रीला तेलच घालीत आलों. दिवाळीचा फराळ, त्याच्या मुलीच्या लग्नांतली धांवपळ, भेटींतले गोड शब्द! पण श्रावण आला कीं आंत कांहीं तरी ओल धरी.

२०२४ च्या श्रावणांत त्याच्या पडवींत बसलों असतां मीं सारें सांगून टाकलें. मिठाची गोष्टही सांगितली. तो हसला नाहीं. बराच वेळ पागोळ्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पाणी तापवायला पन्नास वर्षें लावलींस रे!"